हुन्नर घरच्या घरी : म्हाताऱ्या फियाटचा गंज

दिवाळीच्या आधी घरोघर आवराआवर होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, पितळेची भांडी चिंचेने लखलखतात, पडदे धुतले जातात. एका वस्तूकडे मात्र सहसा कुणी फिरकत नाही. ती घरात नसते, आवारात असते. पेरूच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली, वरून प्लॅस्टिकचे आच्छादन ओढून, चारही चाके अर्धी बसलेली. घरातल्या वडीलधाऱ्यांची ती पहिली मोटार. विकवत नाही आणि चालवताही येत नाही, अशा अवस्थेत ती वर्षे काढते. सोसायटीचे चिटणीस दरवर्षी एकदा तिच्याविषयी चिठ्ठी पाठवतात आणि दरवर्षी आपण 'यंदा दिवाळीनंतर बघतो' असे उत्तर देतो.

यंदाच्या पत्रांत ठाण्याच्या एका भगिनींचे पत्र या बाबतीत फार नेमके आहे. सासऱ्यांनी १९६८ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट त्यांच्या दारात उभी आहे. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. सासूबाई अजून रोज सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की मोटारीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवतात. यजमानांच्या मनात असे, की मोटार दुरुस्त करून घ्यावी आणि नुकताच शिकाऊ परवाना मिळालेल्या मुलीला आजोबांच्याच गाडीवर चालवायला शिकवावे. दोन्ही दारांचे खालचे काठ कुरतडल्यासारखे झाले आहेत, मडगार्डवर फोड आले आहेत आणि मागच्या सीटसमोरची रबरी चटई उचलली की खालची जमीन दिसते. एका मिस्त्रीने आठ दिवसांत 'लांबी भरून, रंग मारून, चकाचक करून' देण्याचे कबूल केले आहे. बाईंचा प्रश्न एवढाच आहे : हो म्हणावे का?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येते, पण ते शब्दाने देऊन भागणार नाही. कारण अशी मोटार एकट्या ठाण्यात नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, नागपुरातही ती कुठल्या ना कुठल्या आच्छादनाखाली आहे. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात या सदराचा सगळा मजकूर तिच्या नावे.

कुर्ल्याची लेक

आपण जिला सरसकट 'फियाट' म्हणतो ती जन्माने इटालियन आणि संस्काराने कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या मोटारी बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकात आलेल्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे प्रेमाचे नाव दिले. मग १९६४ पासून डिलाइट आली. पुढे तीच प्रेसिडेंट झाली आणि १९७४ साली पद्मिनी झाली. पद्मिनीचे उत्पादन २००१ पर्यंत चालले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईकरांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की वीस वर्षांची वयोमर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा एरवी टॅक्सीवाल्याशी मीटरवरून हुज्जत घालणारेसुद्धा हळहळले.

या मोटारीचे यंत्र साधे आणि सोशिक. ते बिघडले तरी दुरुस्त करणारे हात आजही सापडतात, आणि सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला, कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत चिकाटीने शोधले तर मिळून जातात. म्हाताऱ्या मोटारीला इंजिन मारत नाही, पत्रा मारतो.

त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. जुन्या जीपला खाली लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर पत्र्याची बॉडी बसवलेली असते. पत्रा सडला तरी चौकट वजन पेलते. फियाटला अशी वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पेटीसारख्या तुळया, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा होतो आणि तोच सगळे वजन सोसतो. अँबॅसडरचीही बांधणी अशीच. म्हणून या मोटारींचा पत्रा म्हणजे अंगावरचे कपडे नव्हेत, हाडे आहेत. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचे सगळे आपोआप उलगडते.

लोखंड परत मातीत का जाते?

लोखंड आपल्याला खाणीत मिळते ते प्राणवायूशी जोडलेल्या मातीच्या रूपात. भट्टीत जाळून आपण त्याची ताटातूट करतो. पाणी आणि हवा एकत्र मिळाली, की ते पुन्हा मूळच्या रूपाकडे धाव घेते. यालाच गंज म्हणतात. नुसत्या कोरड्या हवेत तो जवळजवळ चढत नाही. हवेतला दमटपणा साधारण साठ टक्क्यांच्या वर गेला, की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि काम सुरू होते. त्यात मीठ मिसळले तर विचारायलाच नको. म्हणूनच दादर-माहीमची मोटार सोलापूरच्या मोटारीपेक्षा लवकर म्हातारी होते.

गंजाचे दोन दुर्गुण आहेत. तांब्यावर हिरवा थर चढला तर तो खालच्या तांब्याला पांघरूण घालतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि आतल्या लोखंडाला आणखी खातो. दुसरे असे, की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की फुगून जोड उकलतो, रंगाखाली शिरला की रंगाला फोड आणतो. मडगार्डवर दिसणारा हरभऱ्याएवढा फोड म्हणजे आतल्या रुपयाएवढ्या गंजाचे डोके असते.

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे आणि सडत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवले, की त्या लोखंडात स्फुरद अधिक असल्यामुळे त्यावर फॉस्फेटचा एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. आज बाजारात गंजावर लावायचे जे द्रव मिळतात त्यांपैकी बरेच फॉस्फोरिक आम्लाचे असतात, आणि त्यांचे कामही त्याच जातीचे : लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवणे. दुसऱ्या जातीचे द्रव टॅनिनचे असतात. त्यांनी गंज निळसर काळा पडतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्या पणजोबांनी घरी केली असेल, तीत हीच किमया होती.

आधी नाडी पाहावी

पावसाळा संपून हवा कोरडी झाली आहे. पत्र्याच्या कामाला दिवाळी ते होळी हाच हंगाम. पण अवजार हातात घेण्यापूर्वी एक रविवार नुसत्या तपासणीला द्यावा. त्याला खर्च नाही.

मोटार धुऊन उन्हात कोरडी होऊ द्या. मग आतल्या सगळ्या रबरी चटया, ताग, कापड, डांबरी थर निघेल तेवढा काढा. फियाटच्या आजाराची जागा बहुधा ठरलेली असते : दाराचा खालचा काठ, दाराखालची तुळई, पायाखालचा तळ, चाकांवरच्या कमानींची कड, डिकीचा तळ, बॅटरीची बैठक आणि पुढच्या-मागच्या काचांच्या रबराखालची पट्टी. या सगळ्या जागांत पाणी येते आणि अडकून बसते, एवढेच त्यांच्यात साम्य आहे.

आता फ्रिजच्या दारावरचे एक लहान लोहचुंबक घ्या, त्याला मऊ फडके गुंडाळा आणि अंगभर फिरवा. चांगल्या पत्र्यावर ते घट्ट बसेल. जिथे ते सैल पडेल वा घसरेल तिथे आत पत्रा नाही, पूर्वीच्या कुणा मिस्त्रीची लांबी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालचा भाग टकटक वाजवत जा. शाबूत पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला भद्द वाजतो. शंका आली तिथे टोकाने दाबून पाहा. टोक आत गेले तर वाईट वाटून घेऊ नका. भोक तुम्ही पाडले नाही, ते होतेच.

घरात जुने कॅलेंडर असेल तर त्याच्या पाठीवर मोटारीची दोन्ही अंगे रेखाटून प्रत्येक जागी खूण करावी. शाळकरी मुले हे काम फार आवडीने करतात. खुणा तीनच असाव्यात.

पहिली खूण वरच्या गंजाची : रंग गेला आहे, पत्रा तांबडा झाला आहे, पण घासला की खाली पांढरे लोखंड लागते. दुसरी खूण भोकाची, पण अशा जागी जिथे पत्रा नुसते झाकण आहे. दाराचे बाहेरचे अंग, मडगार्डची कड, डिकीच्या तळाचा मधला भाग. तिसरी खूण हाडाची : दाराखालची तुळई, खांबांचे पाय, सीटचे बोल्ट ज्यात बसतात तो तळ, सुरक्षापट्टे नंतर बसवून घेतले असतील तर त्यांच्या बोल्टांच्या जागा, आणि पुढची-मागची चाके जिथे सांगाड्याला जोडली आहेत ते भाग.

पहिले काम घरी करावे. दुसरे घरी करता येते, पण सावकाश. तिसरे मात्र चांगल्या वेल्डरशिवाय कुणी करू नये, आणि लांबी भरून तर कदापि करू नये.

ठाण्याच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर इथेच येते. लांबी ही पॉलिस्टरची असते. तिचे काम एखाद-दोन मिलिमीटरचा खड्डा सपाट करणे. ती वजन सोसत नाही, आणि तिच्यात सूक्ष्म छिद्रे असल्याने मागून आलेले पाणी शोषून घेते. सडलेल्या तुळईवर लांबी थापून वर रंग दिला, तर मोटार दिवाळीच्या फोटोत नव्यासारखी दिसेल; पण आडव्या अंगाने कुणी धडकले, तर दार आणि आत बसलेली मुलगी यांच्यामध्ये लोखंड नसेल, रंगवलेला भुसा असेल. किडलेला दात न कोरता वरून चांदी भरणारा दंतवैद्य आपल्याला चालेल का? तेव्हा बाई, आठ दिवसांत चकाचक करून देणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नाही म्हणा. मोटारीला मात्र इतक्यात नाही म्हणू नका.

कामाला लागण्यापूर्वी

सामान फारसे नाही : तारेचा ब्रश, ८०, १२० आणि २२० नंबरचे काचपेपर, ३२० व ४००चे वॉटरपेपर, कानस, पत्रा कापायची कात्री, हातोडी, पत्र्यामागे धरायला एक जड गुळगुळीत लोखंडी ठोकळा, ड्रिल आणि रिबिटांचे पिस्तूल. लहान ग्राइंडर असेल तर काम झपाट्याने होते, पण तो पत्रा तापवतो आणि पातळही करतो. हाताला सवय नसेल तर ब्रश आणि काचपेपरच बरा.

सावधगिरीच्या गोष्टी चार. बॅटरीची तार आधी काढावी. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा; पदराने वा हातरुमालाने भागत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. चौथी गोष्ट सर्वांत मोठी : मोटार नुसत्या जॅकवर उभी असताना तिच्याखाली कुणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. खाली भक्कम लोखंडी स्टँड हवेत, आणि ते सडलेल्या पत्र्याखाली लावू नयेत.

वरचा गंज

गंजाच्या कडेपलीकडे दोन-तीन बोटे जुना रंग काढा. ब्रशने सुटा गंज झाडा, मग ८० नंबरच्या काचपेपरने घासत पांढरा पत्रा येऊ द्या. सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे उरतील. काचपेपर तिथे पोचत नाही, म्हणून तिथे आम्लाचा द्रव ब्रशने लावायचा. हातात रबरी मोजे हवेत. डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ थांबून उरलेले आम्ल सांगितल्याप्रमाणे काढून टाका आणि जागा लगेच पूर्ण कोरडी करा. केस वाळवायचे यंत्र इथे उत्तम चालते. पत्रा उघडा ठेवून चहाला जाऊ नका. मुंबईच्या हवेत तासाभरात त्यावर पुन्हा तांबूस झाक येते.

त्याच दिवशी प्राइमर. इथे बहुतेकांचा समज असा, की तांबडा रेड ऑक्साइड दिला म्हणजे पाणी आत येणार नाही. तो रंगाला धरून ठेवतो, पण एकटा पाणी अडवत नाही. उघड्या पत्र्यावर पहिला थर इपॉक्सी प्राइमरचा द्यावा. तो सुकल्यावर खड्डा असेल तर त्यावर पातळ लांबी; थर तीन मिलिमीटरच्या वर कधीही नको. लांबी कोरडीच घासायची, पाणी लावून नव्हे. नाहीतर ती पाणी पिऊन बसेल. ती गुळगुळीत झाली की पुन्हा प्राइमर, मग वॉटरपेपर.

क्रम विसरू नये म्हणून असा घोकावा : गंज काढा, आम्ल लावा, कोरडे करा, प्राइमर द्या, मग लांबी, मग पुन्हा प्राइमर, शेवटी रंग. आपल्याकडच्या घाईच्या कामात लांबी सरळ गंजावर बसते, म्हणून दोन पावसाळ्यांत फोड परत येतात.

भोकाचे ठिगळ

आपल्या आया-आज्यांना ठिगळ लावता येत असे. कापड विरले असेल तर त्या भोकाच्या कडेला टाके घालत नसत. विरलेले सगळे कापून, धडधाकट कापडापर्यंत जाऊन, मग ठिगळ बेतत. पत्र्याचेही अगदी तसेच. भोक रुपयाएवढे दिसले तरी तळहाताएवढा तुकडा कापावा लागेल. कापलेल्या कडेला चांगला जाड, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत थांबू नये.

ठिगळाचा साचा पुठ्ठ्याचा करावा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी फार सोयीचा. तो वाकतो आणि आकार धरतो. साचा भोकापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा घ्या. बाहेरच्या अंगासाठी वीस गेजचा, म्हणजे सुमारे नऊ-दशांश मिलिमीटर जाडीचा, सीआर पत्रा घ्या. तळासाठी अठरा गेजचा. जस्त चढवलेला पत्रा स्वस्त आणि टिकाऊ वाटतो, पण तो वेल्डिंगला नको. जस्ताच्या धुराने ताप भरतो.

पत्रा कापून कडा कानसेने मोडा, मग ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने गोलाई द्या. एका दणक्याने वाकवायचे नसते; शंभर हलक्या टोल्यांनी पत्रा ऐकतो. ठिगळ मागच्या बाजूने बसवून पाहा, पुन्हा काढा, पुन्हा ठोका. याला एक संध्याकाळ जाईल आणि ती जाऊ द्यावी.

दाराचे अंग किंवा डिकीच्या तळासारख्या, वजन न सोसणाऱ्या जागी घरच्या घरी रिबिटा आणि मोटारीसाठी मिळणारा इपॉक्सी चिकटद्रव यांनी ठिगळ पक्के बसते. दोन्ही पृष्ठे घासून स्वच्छ करावीत, चिकटद्रव लावावा, इंच-सव्वा इंचावर रिबिटा माराव्यात. वेल्डिंग करून घ्यायचे असेल तर ठिगळ घरी बेतून ठेवावे आणि वेल्डरला बोलवावे. त्याने एका दमात सलग रेघ ओढली तर पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकतो. आधी चार कोपऱ्यांत टिपके, मग समोरासमोर एकेक टिपका, मध्ये थंड व्हायला वेळ, असे करायला सांगा. चांगला कारागीर हे तुमच्या आधीच सांगेल. न सांगणारा भेटला तर दुसरा शोधावा.

वेल्डिंगच्या वेळी जवळपासची गादी, ताग, डांबर, रबर सारे काढलेले हवे. मागच्या भागाचे काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्या. 'टाकी रिकामी आहे' हे कारण देऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीहून धोक्याची. हाताशी वाळूची बादली आणि आग विझवायचे नळकांडे असावे, आणि काम संपल्यावर तासभर कुणीतरी मोटारीजवळ थांबावे. ठिणगी कधी कधी उशिरा जागी होते.

ठिगळाची मागची बाजू विसरली जाते, आणि पुढचा गंज तिथूनच येतो. मागून प्राइमर, जोडावर फटी बुजवायचे सीलर, आणि वर मेणयुक्त गंजरोधक तेल, एवढे केल्याशिवाय काम संपले म्हणू नये.

हाडांचे काम

तुळई बदलायची असेल तर गॅरेजमध्येच जावे, पण डोळे उघडे ठेवून. एका वेळी एकच बाजू उघडली पाहिजे. सडका भाग कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी टेकू वेल्ड केले पाहिजेत, नाहीतर मधला आधार जाताच मोटार पाठीतून खचते आणि मग दारे जन्मात नीट लागत नाहीत. दार आणि खांब यांतली फट आधी मोजून लिहून ठेवा, काम झाल्यावर पुन्हा मोजा.

मिस्त्रीशी बोलताना 'एकूण किती?' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे, 'कुठला पत्रा कापणार, कुठला बदलणार, कुठे नुसती लांबी?' हे कागदावर लिहून घ्यावे, आणि पत्रा उघडा असताना, म्हणजे प्राइमरपूर्वी, एकदा समक्ष पाहून भ्रमणध्वनीवर फोटो काढावेत. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. त्याचे काम कुणी पाहतो आहे याचा त्याला आनंदच होतो.

दोन्ही तुळया, तळ आणि खांबांचे पाय सगळेच गेले असतील, तर हिशेब कागदावर मांडावा आणि घरातल्या वडील माणसांसह बसून तो वाचावा. मोटार रस्त्यावर न काढता आठवण म्हणून राखणे, हाही एक मार्ग आहे. दुसऱ्या फियाटवाल्याला तिची दारे, काचा, इंजिन देऊन त्याची मोटार जगवणे हाही आहे. त्यात कमीपणा नाही.

रंगाविषयी थोडेसे

शेवटचा रंग घरी मारण्याचा मोह आवरावा. हल्लीच्या टिकाऊ रंगात जो हार्डनर घालतात त्यात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याची फवारणी श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि साधा मुखवटा तिला अडवत नाही. प्राइमरपर्यंतचे काम घरी करून रंग फवारणीच्या खोलीत द्यावा. आधी एक परीक्षा करावी : लपलेल्या कोपऱ्यात थिनरचे फडके घासावे. जुना रंग फडक्याला लागला तर तो ड्युको जातीचा आहे. त्यावर नवा रंग सरळ दिला तर तो सुरकुततो. आधी अडसर थर द्यावा लागतो. ही गोष्ट रंगाऱ्याला तुम्हीच सांगितलीत, तर तो तुमच्याशी जरा अदबीने बोलेल.

कागदपत्रे

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. ते थकले असेल तर पत्र्यावर पैसा घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात मोटार मूळ रूपात असावी, सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. म्हणून ठिगळ मूळच्याच आकाराचे हवे. मात्र अशी नोंदणी केलेली मोटार प्रदर्शन, फेरी किंवा देखभालीपुरतीच रस्त्यावर येऊ शकते, रोजच्या वापराला नाही. लेकीला शिकवायचे असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवायला हवी. हा निर्णय रंगाच्या छटेआधी घ्यावा.

गंज परत येऊ नये म्हणून

दाराच्या खालच्या काठाला आणि तुळईला कारखान्यानेच बारीक भोके ठेवलेली असतात. काचेच्या फटीतून दारात शिरलेले पाणी तिथून गळून जावे ही योजना. ती भोके चिखलाने, पाल्याने, आणि सर्वांत जास्त करून हौशी मिस्त्रीच्या लांबीने बुजतात. दार म्हणजे मग पाण्याचा हंडा होतो. दर पावसाळ्याआधी या भोकांतून एक तार फिरवा. मिनिटभराचे काम आहे, आणि या लेखातले सर्वांत स्वस्त औषध हेच.

झाडाखालची जागा बदला. पाला आणि पाखरांची विष्ठा दोन्ही रंगाला खातात. प्लॅस्टिकचे आच्छादन काढून हवा खेळेल असे कापडी घ्या, आणि ओल्या मोटारीवर ते कधी घालू नका. पंधरा दिवसांतून एकदा मोटार बाहेर काढून दहा-पंधरा मैल हिंडवावी. माणसाप्रमाणे तीही बसून गंजते.

आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडा, चटई उचला आणि तळावर पालथा हात ठेवून पाहा. हात कोरडा निघाला तर तुमचे काम जमले. ओला निघाला तर रबराची फट शोधा, आणि ती त्याच आठवड्यात बुजवा. पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका.